कुजबुजीचा इतिहास

इतिहास म्हटला म्हणजे राजे, लढाया, तह आणि सनावळ्या, असें एक समीकरण आपल्या मनांत शाळेंत असल्यापासून पक्कें बसलेलें असतें. परंतु ज्या गोष्टी दरबारांत किंवा रणांगणावर घडत नाहींत, तर रात्रीं उशीवर डोकें टेकल्यावर घडतात, त्यांनाही इतिहास असतो. आणि तो पुष्कळदां तहांच्या कलमांपेक्षां अधिक जिव्हाळ्याचा असतो. अशाच एका लहानशा, जवळजवळ ऐकूंही न येणाऱ्या गोष्टीचा इतिहास मी आज आपणांपुढें मांडणार आहें. ती गोष्ट म्हणजे कुजबूज.

कोणी कानाशीं हळू आवाजांत बोलूं लागलें, शेजारीं बसून सावकाश पुस्तकाचीं पानें उलटूं लागलें, केंसांतून फणी फिरवूं लागलें, किंवा एखादें नाजूक काम आपल्यासमोर मन लावून करूं लागलें, तर कांहीं माणसांच्या टाळूवर एक मंद झिणझिणी उठते. ती मानेवरून पाठीच्या कण्यांत उतरते, कधीं खांद्यांपर्यंत व हातांपर्यंत पसरते, आणि तिच्यामागून अंगाला शिथिलता व मनाला स्वस्थता येते. या अनुभवाला आज जगभर ‘ए. एस. एम. आर.’ या आद्याक्षरांनीं ओळखतात. ‘ऑटोनॉमस सेन्सरी मेरिडियन रिस्पॉन्स’ हें त्याचें पूर्ण नांव. मराठींत सांगावयाचें तर, आपोआप उद्भवणारा आणि कळसास पोंचणारा संवेदनेचा प्रतिसाद. आपल्या घरांतील तरुण मंडळी रात्रीं कानांत इअरफोन घालून पडलेली असतात, तेव्हां ती गाणींच ऐकत असतील असें समजूं नये; कोणी दूरदेशींची व्यक्ति हलक्या आवाजांत टॉवेलाच्या घड्या घालीत असेल आणि त्या घड्यांचा आवाज आपल्या मुलांना झोंपेच्या दाराशीं नेऊन सोडीत असेल.

येथें एक भेद प्रथम स्पष्ट केला पाहिजे. अंगावर कांटा येणें हा अनुभव आपल्या परंपरेला नवा नाहीं. भरताच्या नाट्यशास्त्रांत जे आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत, त्यांत स्तंभ, स्वेद, अश्रु यांच्या पंक्तीला रोमांचही बसविलेला आहे. परंतु रोमांच म्हणजे उचंबळणें. गवयाची तान वर चढली कीं अंगावर कांटा येतो, छाती भरून येते आणि क्षणांत तो आवेग ओसरतो. आपण ज्या लहरीविषयीं बोलत आहों, तिची दिशा याच्या उलट आहे. ती उचंबळवीत नाहीं, निवविते. आणि क्षणांत ओसरण्याऐवजीं ती कित्येकदां मिनिटें मिनिटें रेंगाळते. रोमांचाला आपल्याकडे शास्त्रकारांनीं फार पूर्वीं नांव दिलें. या दुसऱ्या लहरीला मात्र २०१० सालापर्यंत जगांतल्या विद्वानांनीं नांव दिलेलें नव्हतें. आणि नांव मिळालें तें विद्वानांकडून नव्हे, तर सामान्य माणसांकडून. ही गोष्ट कशी घडली आणि तिच्यापासून आपण काय घ्यावें, हेंच मला आज सांगावयाचें आहे.

नादाच्या साहाय्यानें विश्रांति मिळविण्याचा मनुष्याचा प्रयत्न दोन प्रवाहांनीं चालत आलेला आहे. पहिल्या प्रवाहांतील नाद पांघरुणासारखा असतो. तो इतर आवाजांना झांकून टाकतो आणि स्वतःकडे लक्ष वेधूं देत नाहीं. दुसऱ्या प्रवाहांतील नाद सोबतीसारखा असतो. तो आपणांस सांगतो कीं कोणी तरी जवळ आहे, शांत आहे आणि तुझ्यापाशीं कांहींही मागत नाहीं. हे दोन प्रवाह जेथें एकत्र वाहतात तें स्थान म्हणजे अंगाईगीत. लंडन येथील ब्रिटिश म्यूझियममध्यें सुमारें ४००० वर्षांपूर्वींची, बाबिलोनियांतील, तळहातावर मावेल एवढी मातीची एक पाटी आहे. तिच्यावर कीलाकार लिपींत एक अंगाई कोरलेली आहे. तींत बाळाला गोंजारण्यापेक्षां दटावण्याचाच भाग अधिक आहे. तुझ्या रडण्यानें घरांतल्या देवाची झोंपमोड झाली, असें त्याला बजावलें आहे. परंतु बाळाला अर्थाशीं काय कर्तव्य? त्याला एकसुरी लय पुरते आणि आवाज ओळखीचा असला म्हणजे झालें. लय पांघरूण घालते आणि आवाज सोबत करतो.

प्रथम पांघरुणाचा प्रवाह पाहूं. झोंपेसाठीं व कामासाठीं निःशब्दता हवी, ही समजूत फार जुनी आहे, आणि तिची कसोटी पाहण्याचा एक प्रसिद्ध प्रयत्न एकोणिसाव्या शतकांत लंडनमध्यें झाला. इतिहासकार टॉमस कार्लाइल हा चेल्सी भागांत राहत असे. शेजाऱ्यांचे कोंबडे, पियानो आणि रस्त्यावरचे फेरीवाले यांनीं तो इतका त्रासला, कीं १८५३ सालीं त्यानें घराच्या माथ्यावर दुहेरी भिंतींची, वरून उजेड घेणारी, आवाज न शिरणारी अशी एक खोली बांधावयास काढली. खोली तयार झाली, परंतु आवाज आंत येतच राहिले. जवळचे कांहीं बंद झाले तों दूरचे स्पष्ट ऐकूं येऊं लागले. त्याच खोलींत बसून त्यानें फ्रेडरिक राजाचें प्रचंड चरित्र १८६५ पर्यंत लिहून संपविलें हें खरें. पण निःशब्दता विकत घेतां येत नाहीं, हा धडाही त्याच खोलीनें जगाला दिला.

याचें कारण आपल्या कानाच्या घडणींत आहे. डोळ्यांना पापण्या आहेत, कानांना नाहींत. आपण निजलों तरी कान पहाऱ्यावर असतो, आणि त्याला जाग येते ती केवळ मोठ्या आवाजानें नव्हे, तर आवाजांतील अकस्मात् बदलानें. आगगाडींत आपण गाढ निजतों आणि गाडी स्टेशनावर थांबली कीं जागे होतों, हा अनुभव कोणास नाहीं? यावरूनच असा विचार पुढें आला, कीं आवाज घालविण्यापेक्षां सर्वत्र सारखा असा एक सौम्य आवाज पसरून द्यावा, म्हणजे मधूनच येणारे खटके त्यांत बुडून जातील. सगळे रंग मिसळले कीं पांढरा प्रकाश होतो. तद्वत् ऐकूं येणाऱ्या सर्व स्वरांच्या कंपनांनीं सारख्याच प्रमाणांत भरलेल्या आवाजास ‘श्वेतनाद’ म्हणावें, अशी योजना शास्त्रज्ञांनीं केली. धबधब्याचा घोष किंवा पंख्याची घरघर ही त्याचीच जवळची भावंडें होत.

१९६२ सालीं अमेरिकेंत जिम बकवॉल्टर या गृहस्थानें ‘स्लीप-मेट’ नांवाचें एक यंत्र विक्रीस काढलें. प्रवासांत एका मोटेलमधील वातानुकूलनाचें यंत्र बंद पडलें आणि त्याची घरघर थांबल्यामुळें त्याच्या पत्नीची झोंप उडाली, त्यांतून ही कल्पना सुचली, असें त्या यंत्राच्या जन्माविषयीं सांगतात. यंत्र म्हणजे काय, तर एका डबींत बसविलेला छोटा पंखा. तो वारा घालण्यासाठीं नव्हता; केवळ वाऱ्याचा आवाज करण्यासाठीं होता. आवाज करणें एवढेंच ज्याचें काम, असें यंत्र लोकांनीं झोंपेसाठीं पैसे देऊन घ्यावें, ही कार्लाइलच्या खोलीच्या अगदीं उलट बाजूची घटना होय.

पुढें १९६९ सालीं न्यूयॉर्कच्या अर्विंग टायबेल यानें समुद्राच्या लाटांची एक तबकडी प्रसिद्ध केली. तिच्या मागची हकीकत मोठी मौजेची आहे. किनाऱ्यावर जाऊन त्यानें लाटांचें ध्वनिमुद्रण केलें, परंतु घरीं आणून ऐकावें तों तें खऱ्या समुद्रासारखें वाटेना. अखेर त्यानें तें ध्वनिमुद्रण आय. बी. एम. कंपनीच्या एका मोठ्या संगणकांत घालून त्यावर संस्कार केले, तेव्हां कोठें लाटा लाटांसारख्या ऐकूं येऊं लागल्या! ‘मनाला परिपूर्ण वाटणारा सागरकिनारा’ अशा अर्थाचें भारदस्त नांव त्यानें त्या तबकडीच्या एका बाजूस दिलें. १९७९ पर्यंत त्यानें पाऊस, अरण्य, पक्षी, वादळ अशा विषयांच्या एकूण ११ तबकड्या काढल्या. आज आपल्या हातांतील फोनवर पावसाचा आवाज लावून जे निजतात, ते नकळत टायबेलचेच ग्राहक आहेत.

आतां दुसरा प्रवाह, म्हणजे सोबतीचा. येथें १९२५ हें साल ध्यानांत धरण्यासारखें आहे. त्यापूर्वीं ध्वनिमुद्रण करावयाचें तर गायकाला कर्ण्याच्या तोंडाशीं उभें राहून जोरानें गावें लागे. हलका आवाज मेणावर उमटतच नसे. १९२५ सालीं मायक्रोफोनच्या साहाय्यानें विजेवर ध्वनिमुद्रण करण्याची रीति सुरू झाली आणि हळू बोलणारा मनुष्यही हजारोंच्या कानांशीं जाऊन बसूं शकला. अमेरिकेंत जॅक स्मिथ नांवाचा एक गायक त्या दशकांत ‘कुजबुजणारा’ म्हणूनच लोकप्रिय झाला. रेडिओ ऐकणाऱ्या आपणांस याचें महत्त्व निराळें सांगावयास नको. सभेंतील वक्ता जमावाला उद्देशून बोलतो. रेडिओवरून बोलणारा, लाखोंशीं बोलत असला तरी, प्रत्येकाशीं एकट्याशींच बोलत असतो.

त्याच १९२५ सालीं इंग्लंडमध्यें व्हर्जिनिया वुल्फ हिची ‘मिसेस डॅलोवे’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तींत महायुद्धांतून मनानें जखमी होऊन परत आलेला एक शिपाई लंडनच्या बागेंत बसलेला आहे. आकाशांत विमान धुरानें अक्षरें रेखीत आहे, आणि शेजारची एक दाई तीं अक्षरें त्याच्या कानाजवळ मृदु परंतु किंचित् खरखरीत आवाजांत एक एक करून उच्चारीत आहे. त्या आवाजानें त्या शिपायाच्या कण्यांतून सुखाची लहर उठून मस्तकापर्यंत जाते, असें लेखिकेनें वर्णिलें आहे. आज ज्यांना हा अनुभव येतो ते वाचक या ठिकाणीं थबकतात आणि म्हणतात, “हें तर आमचेंच वर्णन!” परंतु लेखिकेपाशीं त्या लहरीला नांव नव्हतें. वाचक तो परिच्छेद वाचून पुढें जात राहिले.

नांव नसलेल्या अनुभवाची अवस्था मोठी चमत्कारिक असते. तो ज्याला येतो त्याला वाटतें, कीं हें मला एकट्यालाच होतें. मी पुष्कळ वर्षें लहान मुलांना शिकविलें. टेबलाशीं एकेका मुलाला बोलावून त्याची वही तपासतांना एखादें मूल अगदीं निश्चल होई, त्याचे डोळे जड होत, आणि वही तपासून संपली तरी जागेवरून हलण्यास तें राजी नसे. चूक निघाली म्हणून तें घाबरलें आहे असेंही म्हणतां येत नसे, कारण त्याच्या मुद्रेवर भीतीचा लेशही नसे. त्या लालशाईच्या पेनाच्या कुरकुरींत व हळू बोलण्यांत त्याला काय मिळत होतें, हें सांगावयाला त्याच्यापाशीं शब्द नव्हता, आणि विचारावयाला माझ्यापाशीं नव्हता. पुढें या विषयाचा अभ्यास झाला तेव्हां असें दिसून आलें, कीं ज्यांना ही लहर जाणवते त्यांपैकीं अनेकांना ती प्रथम ५ ते १० वर्षांच्या वयांत जाणवलेली असते.

त्या मधल्या काळांत लोक आपापल्या परीनें हें सुख शोधीतच होते. अमेरिकेंत बॉब रॉस नांवाचा चित्रकार १९८३ ते १९९४ या काळांत दूरचित्रवाणीवर चित्रें काढावयास शिकवीत असे. त्याचे ४०३ कार्यक्रम झाले. त्याचा हळुवार स्वर, कॅनव्हासवर टेकणारा कुंचला आणि सुरीनें रंग खरवडण्याचा आवाज ऐकत कित्येक प्रेक्षक, चित्रकला शिकण्याऐवजीं, सुखानें डुलक्या घेत. १९९५ सालीं तो निवर्तला. आपण नकळत कोणत्या विद्येचे आद्य आचार्य ठरणार आहों, याची त्याला कल्पनाही नव्हती. आपल्या देशांतही राजस्थानांतील पुष्कर येथील एका न्हाव्यानें केलेल्या चंपीचें चित्रण जगभरच्या लोकांनीं इंटरनेटवर याच सुखासाठीं पुन्हां पुन्हां पाहिलें. टाळूवर बोटें फिरत होतीं तीं दुसऱ्याच्या, आणि लहर उठत होती पाहणाऱ्याच्या अंगांत!

नंतर २००७ साल उजाडलें. इंटरनेटवर आरोग्याविषयीं चर्चा चालणाऱ्या एका ठिकाणीं एका तरुण व्यक्तीनें, मोठ्या संकोचानें, आपणांस एक विचित्र पण सुखद संवेदना होते असें लिहिलें, आणि ही काय असावी असें विचारलें. उत्तरादाखल एकामागून एक माणसें पुढें येऊं लागलीं: मलाही होतें, मलाही लहानपणापासून होतें, मला वाटत होतें कीं माझ्यांत कांहीं तरी दोष आहे! २००९ सालीं इंग्लंडमधील एका स्त्रीनें केवळ कुजबूज ऐकविण्याच्या हेतूनें आपल्या आवाजाच्या ध्वनिफिती यू-ट्यूबवर घालण्यास आरंभ केला. आणि २०१० सालीं जेनिफर ॲलन या अमेरिकन बाईनीं वर सांगितलेलें चार शब्दांचें नांव योजिलें. त्या शास्त्रज्ञ नव्हत्या. परंतु त्यांची दूरदृष्टि शास्त्रज्ञाला शोभण्यासारखी होती. लोक या गोष्टीची टवाळी करतील, किंवा तिच्यावर शृंगाराचा आरोप करतील, हें ओळखून त्यांनीं मुद्दाम रुक्ष आणि वैद्यकीय वाटेल असें नांव घेतलें. ‘मेरिडियन’ हा शब्द त्यांनीं कळस या अर्थीं वापरला. नांव भारदस्त असल्यामुळें माणसें तें संकोच न बाळगतां उच्चारूं लागलीं, आणि उच्चारूं लागल्यामुळें एकमेकांना सांपडलीं.

नांव आधीं आलें, शास्त्र मागाहून आलें. २०१५ सालीं वेल्समधील स्वॉन्सी विद्यापीठाच्या एमा बॅरट व निक डेव्हिस यांनीं हा अनुभव येणाऱ्या ४७५ जणांना प्रश्न विचारून पहिली व्यवस्थित माहिती प्रसिद्ध केली. लहर कशानें उठते, तर ७५ टक्के म्हणाले कुजबुजीनें. ६९ टक्के म्हणाले, कोणी आपल्याकडे जातीनें लक्ष पुरविल्यानें. ६४ टक्क्यांनीं कुरकुरीत, खुसखुशीत आवाज सांगितले आणि ५३ टक्क्यांनीं सावकाश हालचाली. हे आवाज कशासाठीं ऐकतां, या प्रश्नाला ९८ टक्क्यांनीं विश्रांतीसाठीं असें उत्तर दिलें, ८२ टक्क्यांनीं झोंपेसाठीं आणि ७० टक्क्यांनीं मनावरील ताण हलका करण्यासाठीं. शृंगारिक हेतु सांगणारे अवघे ५ टक्के निघाले. जेनिफर ॲलन यांना ज्या आरोपाची भीति वाटत होती, त्याला हें आंकड्यांनीं दिलेलें उत्तर होय.

तरी शंका उरतेच: माणसें स्वतःविषयीं सांगतात तें खरें कशावरून? २०१८ सालीं शेफील्ड विद्यापीठांत ज्यूलिया पोएरिओ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं प्रयोगशाळेंत ही शंका तपासली. लहर जाणवणारे व न जाणवणारे असे दोन गट करून त्यांना अशा चित्रफिती दाखविल्या. जाणवणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके मिनिटाला सरासरी ३ नीं मंदावले. त्याच वेळीं त्यांच्या त्वचेंत मात्र किंचित् उत्तेजनाची खूण दिसली. अंग शांत आणि कातडी सजग, असा हा दुहेरी परिणाम आहे. त्यापूर्वीं, २०१७ सालीं, कॅनडांतील विनिपेग येथें ११ व ११ जणांच्या दोन लहान गटांच्या मेंदूंचीं चित्रें घेण्यांत आलीं. त्यांत लहर जाणवणाऱ्यांच्या मेंदूंतील निरनिराळ्या जाळ्यांमधील सीमारेषा इतरांपेक्षां कमी स्पष्ट आढळल्या. गट फार लहान होता, म्हणून यावर मोठे इमले उभारणें शहाणपणाचें नव्हे. परंतु एवढें निश्चित ठरलें, कीं २००७ सालीं संकोचानें लिहिणारी ती व्यक्ति कांहींतरी कल्पिलेलें सांगत नव्हती.

शास्त्राच्या पाठोपाठ बाजार आला. २०१७ सालीं आयकिआ या फर्निचरच्या कंपनीनें चादरी, उशा व कपाटें कुजबुजत दाखविणारी सुमारें २५ मिनिटांची जाहिरात काढली. २०१९ सालीं अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या प्रसारणांत एका बिअरच्या जाहिरातींत झोई क्रॅव्हिट्झ ही अभिनेत्री कुजबुजत बाटलीवर नखें वाजवितांना कोट्यवधि लोकांनीं पाहिली. दुसरीकडे चीनमध्यें २०१८ सालीं अश्लीलतेच्या कारणावरून असे कार्यक्रम काढून टाकण्याचे हुकूम सुटले. एकीकडे अतिस्तुति आणि दुसरीकडे अतिसंशय, या दोहोंच्या कात्रींत तें मूळचें साधें सुख सांपडलें.

श्रोतेहो, येथवरचा इतिहास ध्यानांत घेतला, म्हणजे या नादांचा उपयोग कसा करावा हेंही उलगडत जातें. पहिली गोष्ट अशी, कीं दोन प्रवाहांची गल्लत करूं नये. पांघरुणाचा नाद, म्हणजे पाऊस, लाटा, पंखा, हा थोड्याफार प्रमाणांत कोणाच्याही उपयोगी पडूं शकतो. सोबतीचा नाद, म्हणजे कुजबूज, पानांची सळसळ, कुंचल्याचा स्पर्श, हा सर्वांनाच लहर देईल असें नाहीं. आपणांस ती जाणवली नाहीं तर आपल्यांत कांहीं उणें आहे असें मुळींच समजूं नये. उलट कांहीं माणसांना असेच बारीक आवाज, विशेषतः चघळण्याचे, असह्य होतात. त्या प्रकृतीला २००१ सालीं ‘मिसोफोनिया’ असें नांव देण्यांत आलें. घरांत असें कोणी असेल तर त्याच्यावर हे आवाज लादूं नयेत.

झोंपेसाठीं वापर करावयाचा तर आवाज शक्य तितका हळू ठेवावा आणि ठराविक वेळानें तो आपोआप बंद होईल अशी योजना करावी. चित्रफीत पाहूं नये, केवळ ऐकावी. कारण पडद्याचा उजेड डोळ्यांवर घेऊन झोंप मागणें म्हणजे दिवा पाजळून अंधार मागणें होय. लहान बाळांच्या बाबतींत तर फारच जपावें. २०१४ सालीं कॅनडांतील वैद्यांनीं बाळांसाठीं विकल्या जाणाऱ्या १४ नादयंत्रांची परीक्षा केली. पूर्ण आवाजांत लावलीं असतां एका फुटाच्या अंतरावर त्यांपैकीं ३ यंत्रांचा आवाज ८५ डेसिबलांहून अधिक भरला. आपल्या देशाच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठीं रात्रीं ४५ डेसिबलांची मर्यादा घातलेली आहे, हें जवळ ठेवून पाहिलें म्हणजे त्या आंकड्याचा अर्थ ध्यानांत येतो. यंत्र पाळण्यांत ठेवूं नये. तें खोलीच्या दुसऱ्या टोकास असावें आणि बाळ निजल्यावर बंद करावें. अंगाई गाणारी आईदेखील बाळ निजलें कीं थांबतेच.

अभ्यासाच्या एकाग्रतेसाठीं नियम थोडा निराळा आहे. कुजबुजींत शब्द असतात, आणि वाचतांना दुसरे शब्द कानावर पडले कीं मनाची ओढाताण होते. शिवाय जी लहर झोंप आणते ती अभ्यासाची मैत्रीण कशी होईल? तेथें शब्दहीन, एकसारखा नादच बरा. तोही सर्वांना मानवत नाहीं. २००७ सालीं स्वीडनमधील संशोधकांनीं श्वेतनाद लावून मुलांची स्मरणशक्ति तपासली. ज्या मुलांचें चित्त स्थिर राहत नाहीं, त्यांना त्या नादाचा फायदा झाला. इतर मुलांची कामगिरी त्यानें बिघडली. म्हणून एकाच घरांत एका मुलानें पंखा लावून वाचावें आणि दुसऱ्यानें बंद करून, यांत हट्ट नसून प्रकृतिभेद असूं शकतो, हें पालकांनीं ध्यानांत ठेवावें.

आणि शेवटीं, कोणताही नाद हें औषध नव्हे. निद्रानाश महिनोन्महिने चालला असेल तर वैद्याकडेच जावें. अशा जुनाट निद्रानाशावर झोंपेच्या संवयी व विचार सुधारण्याची मानसोपचारपद्धति प्रथम योजावी, अशी शिफारस अमेरिकेंतील वैद्यांच्या एका मोठ्या संस्थेनें २०१६ सालीं केलेली आहे. स्वॉन्सीच्या पाहणींत कांहीं खिन्न माणसांनीं या आवाजांनीं बरें वाटतें असें सांगितलें, परंतु तो आराम कांहीं तासच टिकतो असेंही त्यांनींच सांगितलें. कुजबूज रात्रीचा आधार होऊं शकते. दिवसाच्या दुःखाचें निवारण तिच्यानें होणार नाहीं.

या सर्व इतिहासांत मला विशेष मोलाची वाटते ती एकच गोष्ट. टाळूवरची ती लहर मेंदूंत कशी उठते, याचा उलगडा पुढच्या पिढ्या करतील. परंतु ती आहे, हें जगाला कळलें तें एका संकोची माणसानें तिच्याविषयीं बोलण्याचें धैर्य केलें म्हणून, आणि ऐकणारे त्याला हंसले नाहींत म्हणून. २००७ सालीं भीत भीत लिहिलेले ते शब्द, ‘विचित्र पण सुखद संवेदना’, हेंच नांव घेऊन २०२० सालीं स्टॉकहोम येथील वास्तुकला व रचनाकला यांच्या राष्ट्रीय संग्रहालयानें या विषयाचें प्रदर्शन भरविलें, आणि २०२२ सालीं तें लंडनच्या डिझाइन म्यूझियममध्यें गेलें. ज्याला एकेकाळीं आपण एकटे आहों असें वाटत होतें, त्याचे शब्द पंधरा वर्षांच्या आंत संग्रहालयाच्या दारावर चढले.

तेव्हां घरांतलें एखादें मूल कधीं येऊन म्हणालें, कीं आजी पोथी हळू वाचते तेव्हां माझ्या डोक्यांत गोड गोड होतें, तर त्याला वेड्यांत काढूं नका. तें आपल्याला कांहीं खरें सांगत असेल. एखाद्या अनुभवाला नांव नाहीं, म्हणून तो अनुभवच नाहीं, असें होत नाहीं. त्याचें ऐकून घ्या. आणि जमल्यास आजीला आणखी एक पान वाचावयास सांगा.